मामांचं पाकीट आणि माझं गणित

निपाणीचे माझे मामा सत्तावन्न वर्षांचे आहेत. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या भागात तंबाखू म्हणजे शेत, वखार, विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी आणि पोरांच्या शाळेची फी. त्यामुळे मामांच्या सिगारेटीबद्दल घरात कुणी फारसं बोललं नाही. बोलल्या त्या फक्त मामी, आणि त्याही भांडून.

यंदा मामांच्या वाढदिवसाला मी तपासणीचं पॅकेज भेट द्यायचं ठरवलं. त्यात छातीचा एक्स-रे होता. पैसे भरले आणि फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता. मग मामा म्हणाले, "म्हणजे मी आजारी आहे हे तुम्हीच ठरवून टाकलंत काय?"

मी बेळगावातल्या ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "एक्स-रे करत राहिल्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होत नाहीत. त्यासाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन लागतो, आणि तोही सरसकट सगळ्यांना नाही." अमेरिकेतली २०२१ ची शिफारस अशी: वय ५० ते ८०, धूम्रपान किमान २० पॅक-इयर, आणि सवय अजून चालू किंवा सोडून १५ वर्षांच्या आत.

पॅक-इयर म्हणजे रोज एक पाकीट, असं वर्षभर. मी लगेच गणित केलं: रोज दीड पाकीट, ३२ वर्षं, म्हणजे ४८! डॉक्टर हसले. "तिकडचं पाकीट वीसचं. मामांचं दहाचं ना? मग २४."

आपल्याकडे सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, फुफ्फुसाचा नाही. म्हणून निर्णय घरातच होतो, आणि बहुधा घाबरवून होतो. मी या वेळी तसं केलं नाही. निपाणीला गेले, मामांसमोर बसले आणि दोन्ही बाजू सांगितल्या.

अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली आले. तीन वर्षं दरवर्षी एक्स-रे काढलेल्या हजार जणांमागे साडेसहा वर्षांत साधारण २१ जण या कर्करोगाने गेले. सीटी काढलेल्यांत १८. म्हणजे हजारात तिघे वाचले. पण सीटी काढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांना कधी ना कधी "काहीतरी दिसतंय" असं ऐकावं लागलं, आणि त्यातलं बहुतेक कर्करोग नव्हतंच. मामांना तर विशीत टीबी झालेला. त्याचे जुने डागही स्कॅनमध्ये दिसतात आणि गोंधळ वाढवतात.

मामांनी वहीच काढली. हिशेबनीस ना! "एकदा काढला की झालं काय?" नाही, दरवर्षी काढावा लागतो. "काही दिसलं तर?" पुन्हा स्कॅन, क्वचित सुईने तुकडा काढून तपासणी. "आणि सिगारेट चालू ठेवली तर?" मी म्हणाले, "मामा, स्कॅन सिगारेटीची भरपाई करत नाही. सोडण्याचा फायदा त्याहून मोठा आहे."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सापडलं तर पुढचं सगळं करायची माझी तयारी आहे. स्कॅन काढू. पण घरात कुणी मला टोचून बोलायचं नाही." मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली.

मामांनी "नको" म्हटलं असतं, तरी तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय ठरला असता. मला मात्र एक कळलं. सिगारेट ओढणारा माणूस तपासणीला जितका घाबरतो, तितकाच आपल्या नजरेला घाबरतो.

तुमच्या घरातही असे मामा, काका असतील. त्यांच्यासाठी परस्पर पॅकेज घेऊ नका. किती वर्षं, रोज किती, हे विचारा; आकडे सांगा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. मात्र हटत नसलेला खोकला, थुंकीत रक्त किंवा विनाकारण घटणारं वजन असेल तर विचार करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मदतवाहिनी मोफत आहे.

हा नंबर मामांनी स्वतःच वहीत उतरवून घेतला आहे. फोन अजून केलेला नाही. मीही विचारलेलं नाही.