शाल-श्रीफळावर तालीम चालत नाही

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात यात्रांचा हंगाम आला की गावोगाव कुस्त्यांचे आखाडे भरतात. रेवड्यांवर लागणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांपासून अखेरच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत सारा गाव कडे करून बसतो. शिवजयंतीला याच भागातील मुलेमुली लाठी आणि दांडपट्टा फिरवतात, तेव्हा शिवनेरीच्या सावलीत राहणाऱ्या प्रत्येकाला अभिमान वाटतो. दोन्ही प्रसंगी वस्तादाला फेटा बांधला जातो, शाल-श्रीफळ दिले जाते. मात्र वर्षाचे उरलेले दिवस त्याचे घर कशावर चालते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

म्हणूनच मंचर, नारायणगाव वा घोडेगावचा एखादा तरुण ‘मी स्वतःची तालीम काढून हीच विद्या शिकवणार’ असे म्हणतो, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे ‘हौस म्हणून ठीक आहे, पोटाचे काय?’ असे विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र एकट्या त्या तरुणाची नाही.

वस्तादाने विद्येचे दाम घेऊ नये, अशी एक उदात्त समजूत आपल्याकडे रूढ आहे आणि तिच्या पाठीशी इतिहास उभा केला जातो. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या हाताखाली जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. समाजाने ज्यांना अस्पृश्य ठरवले, त्यांच्यातील एका पुरुषाला गुरू मानण्याचा धडा त्या तालमीने दिला. तिच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु जुन्या काळी या विद्येला सरदार, संस्थानिक आणि गाव यांचा आश्रय होता, हे विसरून चालणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना पदरी ठेवले आणि कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे केले. संस्थाने गेली, खुराक पुरवणारे हात आखडले. फुकट शिकवण्याची अपेक्षा तेवढी शिल्लक राहिली.

या अपेक्षेचा परिणाम काय होतो, हे खाशाबा जाधवांच्या बाबतीत दिसले. १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या या मल्लाच्या नावाने त्यांच्या गोळेश्वर गावी कुस्ती संकुल व्हावे, अशी त्यांच्या कुटुंबीयांची इच्छा होती. सरकारी आश्वासन मिळाले, संकुल मात्र उभे राहिले नाही. अखेर २०१७ साली, संकुलाच्या पैशासाठी ते पदकच लिलावात काढण्याची भाषा कुटुंबीयांना करावी लागली. जिथे पदकाची ही गत, तिथे तालुक्याच्या गावातील अनाम वस्तादाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

सरकार काहीच देत नाही, असे नाही. समग्र शिक्षा योजनेत मुलींच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणासाठी शाळेला दरमहा ५ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. पण ती वर्षातून तीनच महिने. म्हणजे एका शाळेमागे वर्षाला १५ हजार. एखाद्या प्रशिक्षकाला अशा चार शाळा मिळाल्या आणि सारी रक्कम त्याच्याच हाती आली, तरी वर्षाचे ६० हजार होतात. महिन्याला ५ हजार. एवढ्या पैशात संसार चालत नाही, आणि तीन महिन्यांत अंगात मुरेल अशी ही विद्याही नव्हे.

तेव्हा उघडपणे, पावती देऊन घेतलेली फी हाच या व्यवसायाचा प्रामाणिक पाया होय. कराटे-तायक्वांदोचे वर्ग तालुक्याच्या गावीही चालतात, त्याचे कारण हेच आहे. तेथे वेळ ठरलेली, फी ठरलेली, शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या. मुलाची प्रगती पालकांना डोळ्यांनी दिसते. अर्थात या पद्धतीलाही कीड लागू शकते. दर काही महिन्यांनी परीक्षा-शुल्क घेऊन नव्या रंगाचा पट्टा कमरेला बांधणे ही विद्या नव्हे, विक्री होय. फी श्रमाची घ्यावी. प्रमाणपत्राची किंमत लावू नये.

आपल्या मर्दानी खेळांनी या पद्धतीतला चांगला भाग उचलला पाहिजे. २०२० साली केंद्र सरकारने खेलो इंडिया युवा स्पर्धांत कलरीपयट्टू, गतका, थांग-ता आणि मल्लखांब या चार प्रकारांना स्थान दिले. त्यांत आपला मल्लखांब आहे. आपला दांडपट्टा नाही. मल्लखांबाला लेखी नियम आणि गुणदानाची पद्धत आहे. मर्दानी खेळ मात्र अजून बऱ्याच अंशी मिरवणुकीतच अडकले आहेत. मिरवणूक एक दिवसाची असते. शाळेला अभ्यासक्रम लागतो.

अशा संस्था महाराष्ट्रात टिकल्याच नाहीत, असे म्हणता येणार नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आखाड्यातून वाढत शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयापर्यंत गेले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने व्यायाम आणि शालेय शिक्षण यांची सांगड घातली. दोन्ही संस्था संस्थापकांच्या पश्चात चालू राहिल्या, कारण त्या एका माणसाच्या मनगटावर उभ्या नव्हत्या. नियम, हिशेब आणि शिक्षकांची पुढची पिढी यांवर उभ्या होत्या.

या वाटेने जाणाऱ्या तरुणाने म्हणूनच काही पथ्ये पाळावीत. आधी स्वतः दीर्घकाळ शिष्य राहावे. शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका मिळवावी, म्हणजे पडत्या काळात नोकरीचा आधार राहतो. संस्थेची नोंदणी करावी, हिशेब उघडा ठेवावा. दुखापतीवर प्रथमोपचार शिकून घ्यावेत. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका असावी. आणि डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांतून येणाऱ्या मुलाला फीअभावी परत पाठवू नये.

उरलेले काम आपले, म्हणजे शिक्षकांचे, पालकांचे आणि ग्रामपंचायतींचे आहे. शाळांच्या खोल्या आणि मैदाने संध्याकाळी ओस पडतात; ती नाममात्र भाड्याने अशा वर्गांना देता येतील. यात्रा समित्यांनी इनामांच्या रकमेतील काही वाटा गावच्या तालमीला वर्षभर द्यावा. आणि गणिताच्या शिकवणीला बिनतक्रार पैसे मोजणाऱ्या पालकाने वस्तादाशी घासाघीस करू नये.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत शिवनेरी आहे. किल्ल्याच्या दगडांना जगाने मान दिला. त्या किल्ल्यांवर ज्या विद्येच्या बळावर माणसे लढली, ती विद्या शिकवणाऱ्याला मान देणे मात्र युनेस्कोच्या हाती नाही. तो मान महिन्याच्या पहिल्या तारखेला, वेळेवर दिलेल्या फीच्या रूपाने द्यावा लागेल.