पोटावरची पिशवी आणि भोवतालची कातडी

आतड्याच्या कॅन्सरने किंवा आतडे फाटल्याने ऑपरेशन झाले की काही रुग्णांना पोटावर शौचाचा नवा मार्ग काढून देतात. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवावी लागते. आम्ही डॉक्टर नाही, कारकुनी करणारी माणसे आहोत. पण वस्तीतल्या रुग्णांबरोबर इस्पितळाच्या रांगेत उभे राहून आम्ही पाहिले, की ऑपरेशनपेक्षा भोवतालच्या सोललेल्या कातडीनेच माणूस जास्त हैराण होतो.

मळ लागला की कातडी जळते. स्टोमा लहान आतड्याचा असेल तर पातळ मळातले पाचक रस कातडीही खातात. तेव्हा गळती होऊ न देणे हाच खरा उपाय.

पिशवी सकाळी, काही खाण्यापूर्वी बदलावी. ती ओढून काढू नये. एका हाताने कातडी दाबून धरावी आणि दुसऱ्याने वरून खाली हळूहळू सोडवावी. कोमट पाण्याने, मऊ कापडाने पुसावे, घासू नये. पुसताना स्टोमाला किंचित रक्त आले तर घाबरू नये. डेटॉल, स्पिरिट लावू नये. खोबरेल तेल किंवा अंगाची पावडर लावली तर चकती चिकटत नाही. कातडी टिपून पूर्ण कोरडी करावी. चकतीचे भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठे कापावे. पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर वेळी मोजूनच कापावे. चिकटवल्यावर मिनिटभर तळहात ठेवावा. उबेने चकती नीट बसते.

पिशव्या महाग असतात, हे आम्ही जाणतो. पण गळतीवर चिकटपट्टी मारून दिवस ढकलू नका. मळ आत कोंडतो आणि कातडी सडते. खाज, जळजळ सुरू झाली की लगेच बदला. काटकसर करायचीच तर पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करा. ओझ्याने चकती सुटत नाही, जास्त दिवस टिकते. कातडीला जखम झाली तर दाखवून घ्या. स्टोमा काळा-जांभळा पडला किंवा रक्त थांबेना, तर तडक इस्पितळ गाठा.

अशा माणसाचे ताट आणि अंथरूण वेगळे केलेले आम्ही पाहिले आहे. पिशवीशेजारी बसून कुणाला कॅन्सर होत नाही. विटाळ पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपल्या घरांत नवा विटाळ शिरू देऊ नका. मुलगा असो की सून, घरातल्या एकाने तरी सिस्टरकडून पिशवी बदलायला शिकून घ्यावे.