राज्यमासा आणि राज्यधर्म

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, हे योग्यच झाले. परंतु बिरुदाने मासा वाचत नाही. मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ पासून आहे. जून-जुलैची बंदीही आहे. तरीही पापलेटची पिल्ले बारीक आसाच्या जाळ्यांत सापडतातच: छोट्या कोळ्याच्या कर्जापायी, मोठ्या बोटमालकाच्या नफ्यापायी. पिल्ले हे मुद्दल आहे; मुद्दल खाऊन व्याजाची आशा धरणे कोणत्याच अर्थशास्त्रात बसत नाही.

किनाऱ्याची नासाडी मात्र सत्ताच करते. शहराचे सांडपाणी वरळीच्या समुद्रात जाते. सागरी किनारा मार्गासाठी भराव पडला. होड्यांच्या वाटेसाठी खांबांतील अंतर ६० वरून १२० मीटर करून घ्यायला वरळी कोळीवाड्याला लढावे लागले. मागणी १६० मीटरची होती.

म्हणून शासनाने माशाच्या किमान आकाराचा नियम बंदरावरच, आधी बड्या बोटींना लावावा. बंदीच्या काळात छोट्या कोळ्याला निर्वाहभत्ता द्यावा. प्रक्रियेविना सांडपाणी समुद्रात सोडू नये. किनाऱ्याच्या प्रत्येक निर्णयात मच्छीमार सहकारी संस्थांचे मत बंधनकारक मानावे. कार्यकर्त्यांनी ही मागणी कोळीवाड्याकोळीवाड्यांतून उठवावी. समुद्र राखणाऱ्यालाच उपाशी ठेवून समुद्र राखता येणार नाही.