म्हातारे गाव आणि हिरवा विचार

नवे ते तरुणांचे, जुने ते म्हाताऱ्यांचे, अशी सोयीस्कर वाटणी आपण करून ठेवली आहे. पर्यावरणाच्या चर्चेतही ती शिरते. कोणी म्हणतो, समाज वृद्ध झाला की खप घटेल व कार्बनही आपोआप घटेल. कोणी म्हणतो, वृद्ध समाजाला नवे काही सुचणारच नाही. मला दोन्ही मते उथळ वाटतात.

जपान पाहा. तेथे दर १०० माणसांत सुमारे २९ जण पासष्टी गाठलेले. २००८ नंतर लोकसंख्याही घटू लागली. पण एकट्या वृद्धेच्या घरातही फ्रीज लागतो, हिवाळ्यात खोली तापवावी लागते. माणसे घटली म्हणून चुली तितक्याच घटत नाहीत.

आता शिकोकू बेटावरचे कामिकात्सु घ्या. वस्ती जेमतेम दीड हजार, निम्मे लोक वृद्ध. पूर्वी येथे कचरा उघड्यावर जाळीत. २००३ साली गावाने ‘शून्य कचरा’ हा संकल्प सोडला. कचरागाडी बहुतेकांच्या दारी येतच नाही. साली-देठांचे घरीच खत होते; बाकीचे धुऊन, सुकवून लोक स्वतः केंद्रावर नेतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत निवडतात. सुमारे ऐंशी टक्के कचरा पुन्हा उपयोगात येतो. (याच गावच्या आजीबाई १९८६ पासून उपाहारगृहांना सजावटीची पाने विकतात. आपण मात्र म्हाताऱ्यांनाच ‘पिकले पान’ म्हणतो!)

येथे यंत्र नवे नाही, रीत नवी आहे. आणि ती पाळणारे हात सत्तरीचे आहेत. आमच्या वसतिगृहात ओल्या-सुक्याचे दोन डबे ठेवले, तर विशीतल्या आम्हा मंडळींना तेही महिनाभर सांभाळता आले नाहीत.