बोहारणीची परीक्षा

परवा लेकीच्या शाळेत 'वस्त्रदान सप्ताह' झाला. सस्टेनेबिलिटीसाठी म्हणे! चार हाउसेसमध्ये स्पर्धा, ज्यांचे किलो जास्त त्यांना ढाल. कपडे निवडायला पालक म्हणून मीही गेले होते. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथे लिहून टाकते.

गाठोडी सोडली आणि काय काय निघालं! चेन तुटलेल्या जीन्स, बटणं नसलेले शर्ट, इलॅस्टिक गेलेल्या चड्ड्या (हो, चड्ड्यासुद्धा!). आमच्या पिशवीतून नवऱ्याचा बगलेत उसवलेला सदरा निघाला, तो मी गुपचूप पर्समध्ये कोंबला. "गरिबाला चालेल" असं घरी मीच म्हणाले होते...

मग बाई शाळेतल्या मावशींना म्हणाल्या, "आधी तुम्ही बघा, हवं ते घ्या." मावशींनी दोन कपडे उलटून पाहिले, नीट घडी घालून परत ठेवले. "राहू द्या बाई. एवढ्याला बोहारीण वाटीसुद्धा द्यायची नाही."

बास! माझं सगळं म्हणणं यात आलं. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडात धरून बघते, घासाघीस करते, कारण तिला तो पुढे विकायचा असतो. ती जे घेणार नाही ते आपण दान म्हणून देतो आणि वर पोरांना ढाल!

अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये 'गूंज' सुरू केली. त्यांच्या 'क्लॉथ फॉर वर्क'मध्ये गावकरी रस्ता दुरुस्त करतात, तळं साफ करतात, आणि कपडे त्या कामाचा मोबदला म्हणून मिळतात. म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार गुप्तांना मिळाला. आपल्या शाळांना यातले फक्त कपड्यांचे ढीग दिसले!

आणि सस्टेनेबिलिटी? सप्ताहासाठी स्वयंसेवक मुलांना नवे कोरे टी-शर्ट छापून दिले. सुती टी-शर्टला कापसापासून धरून साधारण २७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. हेही मुलांना सांगायचं ना! शिवाय दोन वर्षांपूर्वी गणवेशाचा रंग बदलला, त्यामुळे ताईचा धाकट्याला होत नाही. कपाट रिकामं झालं की आपण मॉलमध्ये जायला मोकळे, हे मुलं बरोब्बर शिकतात.

मोहीम नकोच असं माझं म्हणणं नाही. पण किलोची स्पर्धा बंद करा. कपडा धुऊन, बटण लावून, इस्त्री करूनच घ्या. बटण लावायला कार्यानुभवाच्या तासाला शिकवा, मुलग्यांनासुद्धा. जूनमध्ये गणवेशांची अदलाबदल शाळेतच होऊ द्या. आणि जे अगदीच विरलंय त्याची गोधडी किंवा पायपुसणं घरी होतं, ते दुसऱ्याच्या दारात कशाला?

असो. सदरा काल शिवला. आई, तू वाचत असशील तर सांगते, टाका तू शिकवलास तसाच घातलाय. नवरा तो घालून ऑफिसला गेलासुद्धा!