सबमिशन हवं, पण इतिहासासकट!

मार्च-एप्रिल उजाडला की आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास गर्दी दिसते. एक झेरॉक्सच्या दुकानात आणि दुसरी बाइंडिंगवाल्याकडे. ब्लॅक बुकच्या चार-पाच प्रती, वर सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेट, आभार, अनुक्रमणिका आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात एक सीडी. हल्लीच्या लॅपटॉपना सीडी ड्राईव्हच नसतो, म्हणून आता पेन ड्राईव्ह. त्यात काय असतं? तर शेवटचा, चालणारा कोड. चौघांनी वर्षभर जी काही झटापट केली, तिचा फक्त शेवटचा फोटो!

माझं मत असं की हा फोटो पुरेसा नाही. प्रोजेक्ट जमा करायचा तर त्याच्या संपूर्ण इतिहासासकट केला पाहिजे, आणि डिपार्टमेंटने तो तसाच मागितला पाहिजे.

सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. गिटसारखं व्हर्जन कंट्रोल वापरलं की कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी केला, कधी केला, नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या आणि (लिहिणाऱ्याने आळस केला नसेल तर) का बदलल्या. या एका नोंदीला कमिट म्हणतात. अशा नोंदींची माळ म्हणजे प्रोजेक्टचा इतिहास. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्लॅक बुक ही बखर आहे. सगळं आटोपल्यावर, मागे वळून, नीटनेटकी लिहिलेली. कमिटचा लॉग ही शकावली आहे. त्या त्या तारखेला जे घडलं त्याची रुक्ष नोंद. वाचायला बखर बरी, पण खरं-खोटं करायची वेळ आली की लोक शकावलीच उघडतात.

यातून फायदा काय? एक उदाहरण देतो. आमच्या ग्रुपने आधीच्या एका बॅचचा प्रोजेक्ट पुढे न्यायला घेतला. शेतातला पंप मोबाईलवरून चालू-बंद करायचा, असा विषय. कोडमध्ये सुरुवातीलाच एक ओळ होती : तीन सेकंद थांबा. का थांबा? कुठे काही लिहिलेलं नाही. ब्लॅक बुकमध्ये ब्लॉक डायग्राम आहे, फ्लोचार्ट आहे, भविष्यातील वाव आहे, पण ही तीन सेकंदं नाहीत! ठेवावी की काढावी यात आठवडा गेला. शेवटी कळलं की जीएसएम मॉड्यूल सुरू झाल्यावर त्याला नेटवर्क पकडायला वेळ लागतो, त्याची ती सोय होती. ज्याने ती ओळ लिहिली त्यालाही हे शोधायला असाच वेळ लागला असणार. कमिटसोबत एक वाक्य लिहिलेलं असतं आणि तो इतिहास आमच्या हाती आला असता, तर आठवडा वाचला असता. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण खरी, पण ठेच कुठे लागली ते मागच्याला कळलं तर ना!

"अरे, पण आमचा कोड गिटहबवर आहे की!" हे उत्तर हमखास येतं. असू दे. पण तिथलं झिप डाउनलोड करायचं बटण फक्त त्या क्षणाच्या फाइल्स देतं, इतिहास देत नाही. आणि दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं सामान कायम तिथेच राहील याची हमी कोण देणार? गुगल कोड २००६ मध्ये सुरू झालं, २०१५ मध्ये बंदची घोषणा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये खिडकी बंद. गिटोरियस २०१५ मध्ये गेलं. मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ मध्ये गुंडाळलं. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलच्या रिपॉझिटरींचा आधारच काढून घेतला. यातल्या बहुतेक कंपन्या लहान नव्हत्या, आणि आधी सूचनाही दिल्या होत्या. पण पास होऊन नोकरीला लागलेला माणूस जुन्या कॉलेज प्रोजेक्टसाठी आलेली ई-मेल कशाला वाचतोय?

मोठमोठ्या प्रोजेक्टांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. लिनक्स कर्नल २००२ पासून बिटकीपरमध्ये होतं. एप्रिल २००५ मध्ये ती फुकट सोय बंद झाली आणि लिनस टॉरवल्ड्सने गिट लिहायला घेतलं. नव्या रिपॉझिटरीत त्याने जुना इतिहास आणलाच नाही, तिथल्या कोडपासून पाटी कोरी ठेवून सुरुवात केली. जुना इतिहास नंतर वेगळ्या रिपॉझिटरीत रूपांतरित झाला. पण आजही एखादी जुनी ओळ कोणी लिहिली हे मुख्य रिपॉझिटरीत शोधत गेलात, तर एप्रिल २००५ च्या भिंतीवर डोकं आपटतं. याउलट जीसीसी हा आपला रोजचा कंपायलर पाहा. तो २००५ मध्ये सीव्हीएसमधून सबव्हर्जनमध्ये गेला आणि जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनमधून गिटमध्ये. दोन्ही वेळा इतिहास सोबत नेला. म्हणजे घर बदलताना जुन्या वह्या टाकून द्यायलाच हव्यात असं नाही.

आणि आपल्यासारख्यांना हे काम किती अवघड आहे? चार आज्ञा! मराठी विभाग आहे म्हणून त्या देवनागरीत लिहितो, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा. आधी 'गिट क्लोन --मिरर' आणि पुढे रिपॉझिटरीचा पत्ता. यामुळे सगळ्या ब्रँच आणि टॅग येतात. (साध्या क्लोनमध्ये बाकीच्या ब्रँच तुमच्या म्हणून येत नाहीत, इथेच बरेच जण फसतात.) त्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट बंडल क्रिएट प्रोजेक्ट.बंडल --ऑल'. झालं! अख्खा इतिहास एका फाइलमध्ये. ती पेन ड्राईव्हवर टाका, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर 'गिट क्लोन प्रोजेक्ट.बंडल' करून उघडते का ते बघा. ना इंटरनेट लागत, ना अकाउंट. हॉस्टेलचं वाय-फाय बंद असतानाही चालतं, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक काय हवं? शेवटी 'गिट लॉग --ऑल --रिव्हर्स --स्टॅट' याचा निकाल एका टेक्स्ट फाइलमध्ये वळवून ठेवा. उद्या गिट कोणी वापरत नसलं तरी साधा मजकूर वाचता येईल. कोणी अजून सबव्हर्जनवर असेल तर त्यांच्यासाठी 'एसव्हीएनॲडमिन डंप' आहेच. फक्त ती आज्ञा रिपॉझिटरी ज्या मशीनवर आहे तिथे चालवावी लागते. एक लक्षात ठेवा, गिटहबवर झालेल्या चर्चा, इश्यू वगैरे बंडलमध्ये येत नाहीत. म्हणून महत्त्वाचं कारण कमिटच्या संदेशातच लिहायची सवय बरी.

आता आक्षेपांकडे येतो. सरांशी या विषयावर बोललो तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "इतिहास खोटा बनवता येत नाही का?" येतो. गिटमध्ये नाव आणि तारीख आपणच सांगतो. तयार प्रोजेक्ट विकत आणून त्याला सहा महिन्यांचा बनावट इतिहास लावणारा महाभागही निघेल. पण यावर उपायही गिटमध्येच आहे. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. तो त्या वेळच्या फाइल्स, तारीख, नाव आणि आधीच्या कमिटचा क्रमांक या सगळ्यांवरून काढलेला असतो. मागची एक नोंद बदलली की पुढचे सगळे क्रमांक बदलतात. मग दर रिव्ह्यूला शेवटच्या कमिटचा क्रमांक प्रोजेक्ट डायरीत लिहायचा आणि गाईडने त्यावर सही करायची. एप्रिलमध्ये आलेल्या बंडलमध्ये तो क्रमांक सापडला, तर सहीच्या दिवसापर्यंतचा इतिहास नंतर बदललेला नाही हे नक्की. नाही सापडला, तर ओरलला विचारायला पहिला प्रश्न मिळाला!

दुसरा आक्षेप मुलांचा. "म्हणजे कमिट मोजून मार्क देणार का?" मुळीच देऊ नयेत. 'गिट शॉर्टलॉग -एसएन' ही आज्ञा कोणाचे किती कमिट ते दाखवते, पण स्वल्पविराम बदलून पन्नास कमिट करणारे आपल्यातच आहेत. शिवाय रूमवर चौघं एकाच लॅपटॉपवर बसतात, मग सगळे कमिट लॅपटॉपच्या मालकाच्या नावावर जातात. त्यासाठी 'गिट कमिट --ऑथर' देऊन खऱ्या माणसाचं नाव घालता येतं. आकडे मोजण्यापेक्षा सरांनी एखादा कमिट उघडून "हा बदल का केलास?" असं विचारावं. ज्याने केलाय तो सांगेल. ज्याने फक्त बाइंडिंगचे पैसे भरलेत तो छताकडे बघेल.

तिसरा मुद्दा पासवर्डचा. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहून नंतर पुसला तरी इतिहासात तो राहतोच. तेव्हा जमा करण्याआधी पासवर्ड आणि सगळ्या की बदलून टाका. जुने निकामी झाले की इतिहासात राहिले तरी बिघडत नाही.

म्हणून डिपार्टमेंटकडे तीनच मागण्या. एक, ब्लॅक बुकसोबत बंडल सक्तीचं करा. दोन, रिव्ह्यूच्या दिवशी कमिटचा क्रमांक डायरीत घेऊन सही करा. तीन, जमा झालेली बंडलं पाकिटात सडू देऊ नका. डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर ठेवा, आणि ज्युनियरला विषय निवडताना ती उघडता आली पाहिजेत. पैसा लागत नाही, नवी मशीन लागत नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यापेक्षा हे नक्कीच सोपं आहे.

आणि मित्रांनो, डिपार्टमेंटचा निर्णय होईल तेव्हा होईल. यंदाच्या फायनल इयरला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. बाइंडिंगला जाण्याआधी पाच मिनिटं काढा, बंडल बनवा आणि पेन ड्राईव्हवर टाका. पुढच्या वर्षी तुमचा विषय घेऊन बसलेली चार पोरं रात्री दोन वाजता तुमच्या नावाने बोटं मोडणार की तुमचं नाव काढणार, हे त्या पाच मिनिटांवर ठरणार आहे.