नावाचा आडोसा

आईला ७८ वे वर्ष लागले, त्या संध्याकाळी नातवंडांनी हट्ट धरला, 'आजीला चायनीज खायला न्यायचेच!' आईचा जन्म कोकणातला, सारा संसार पुण्यात. आयुष्यात तिने अंड्याला हात लावलेला नाही. तरीही 'मुलांची हौस आहे ना, मग जाऊ' म्हणत ती ठेवणीतली साडी नेसून तयार झाली.

उपनगरातील त्या उपाहारगृहाचा थाट मोठा. छताला लाल कंदील, भिंतीवर ड्रॅगन, गल्ल्यावर ढेरपोट्या हसरा बुद्ध. मेन्यूकार्ड म्हणजे भूगोलाचे पुस्तकच: मांचुरियन, शेजवान, हाँगकाँग, सिंगापूर. पदार्थ पुढ्यात आले तेव्हा मात्र साऱ्यांची चव एक. सोया सॉस, व्हिनेगर, हिरवी मिरची आणि कॉर्नफ्लॉवरची खळ! मांचुरियनचे गोळे आतून कच्चे. तेही चालवून घेतले असते. पण आईसाठी मुद्दाम 'व्हेज' म्हणून सांगितलेल्या भातात अंड्याचे पिवळे तुकडे निघाले. तोवर तिने सूप घेतले होते, नूडल्सचे दोन घासही झाले होते. वाढप्याला दाखवले, तर तो शांतपणे म्हणाला, "आजी, वेचून देतो ना!"

आईने ताट सरकवले. "राहू दे बाळ, भूक नाही मला."

आणि मी? तीस वर्षे लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारा पत्रकार. वाढदिवसाचा विरस नको म्हणून गप्प बसलो. वर टिपही ठेवली.

याचा राग चीनवर काढण्याची सोय नाही. २०२० साली गलवानच्या संघर्षानंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदीची मागणी केली होती. तशी बंदी आली असती, तर तीत बहुतांशी आपलेच पदार्थ सापडले असते. चिकन मांचुरियनचे जनकत्व कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांच्याकडे जाते, आणि जन्मस्थान मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे स्वयंपाकघर, साल १९७५. मांचुरिया प्रांतात हा पदार्थ शोधणाऱ्याच्या हाती काही लागायचे नाही.

मुलीने वाढप्याला विचारले होते, "हक्का म्हणजे काय?" तो म्हणाला, "नूडल्सचा प्रकार." हक्का हा खरे तर चीनमधील एक समाज. त्यातील कुटुंबे कोलकात्यास आली, टांगरा भागात त्यांनी चामडी कमावण्याचे कारखाने काढले आणि पुढे तेथेच त्यांची उपाहारगृहे उभी राहिली. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना, बायकामुलांसकट, राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. ते प्रकरण आपल्याला अभिमानाचे नाही. त्यानंतर अनेकांनी देश सोडला. कॅनडात आज त्यांची 'हक्का' उपाहारगृहे चालतात. इकडे मेन्यूकार्डावर त्यांचे नाव तेवढे राहिले आहे.

शेजवानचीही तीच गत. सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकात जी जीभ बधिर करणारी मिरी असते, ती आपल्या कोकणातल्या तिरफळाची चुलतबहीण. आई आमटीत तिरफळ घालते. ती चव तिला लगेच ओळखू आली असती. पण आपल्याकडच्या शेजवान चटणीत लाल मिरची आणि लसूण यांपलीकडे फारसे काही नसते.

मिसळीचा रस्सा पातळ झाला, तर पुणेकर गल्ल्यावर जाऊन भांडतो. थालीपीठ कच्चे राहिले, तर परत पाठवतो. कारण ते कसे असावे, हे त्याने घरी खाल्लेले असते. 'चायनीज'पुढे तो मुका होतो, कदाचित ते असेच असेल, असे म्हणतो. वाढपी 'वेचून देतो' म्हणू शकतो तो या जोरावर. पदार्थ आपला, गिऱ्हाईक आपले, हयगयही आपलीच. नावाचा आडोसा तेवढा परका.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, मी एकटाच तेथे गेलो आणि मालकांना विचारले, शाकाहारी पदार्थांची कढई वेगळी असते का? गृहस्थ प्रामाणिक निघाले. म्हणाले, "नाही साहेब, कढई एकच, तेलही तेच. आजवर विचारले नव्हते कोणी."

आईला मी हे अजून सांगितलेले नाही.